उलटे फेरे

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये जानेवारीत
तांब्याला हात लावला की ते आधी थंड लागतं,
मग आपल्याइतकं गरम होतं.
त्या दिवशीच्या माझ्या बाजूने एवढंच सांगता येईल.

उत्तरायणाला दोन दिवस. रिकामी टाकी
कॉइलची वाट बघत उभी.
टेस्टिंगच्या शर्वरीबाई कागद पुढे करून म्हणाल्या,
तिसऱ्या टॅपच्या आत एक फेरा जास्त आहे.
एक फेरा. बाराशे चाळीसांत एक.

मी केतुलकडे पाहिलं.
सात महिन्यांपूर्वी लागलेला पोरगा, कानामागे निळी पेन्सिल,
मोजता मोजता खिडकीतून पतंग बघणारा.
मी त्याला काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.
त्याच्या बापाचं नाव मात्र मधे यायला नको होतं.
हातातला लाकडी हातोडा मी फेकला नाही,
ठेवला,
पण असा ठेवला की तीन बाकांपलीकडचे
चहाचे पेले हलले.

केतुल काही बोलला नाही.
न बोलणाऱ्याचा राग जास्त येतो.
वैजूने त्याची बाजू घेतली, मग मी वैजूलाही सोडलं नाही,
मग वैजूने मागच्या दिवाळीच्या ओव्हरटाइमचा हिशेब काढला.
भांडणाला टॅप फार असतात,
कुठूनही बाहेर निघतं.

जशुभाई परमार तेवढा वेळ सुपारी कातरत होते.
रिटायर व्हायला चौदा महिने उरलेला माणूस.
शांत व्हा म्हणाले नाहीत.
कोणाचं चुकलं, हेही विचारलं नाही.
उठले, मशीनची कळ डावीकडे फिरवली,
म्हणाले, "हवे ऊंधुं."
मग त्यांच्या त्या दांडियाबाजारी मराठीत,
"मोहिते, तू तार धर. पोरगा मोजेल. वैजू, कागद."

गुंडाळायला एक माणूस पुरतो.
उलगडायला तीन लागतात,
आणि तिघांना एकाच चालीने मागे यावं लागतं.
मी तार खेचून धरली. कागद फाटला.
"ढील," जशुभाई म्हणाले.
मी सोडली, तर वेटोळं होऊन पायाशी आली.
"एटली बधी नहीं,"
फिरकी धरणाऱ्या पोराला सांगावं तसं, हसून.

केतुल उलटं मोजत होता.
आधी घशातल्या घशात.
एकशेवीसच्या आसपास ऐकू यायला लागला.
त्याच्या निळ्या खुणा: दहाला दहा, दहाला दहा.
मग पाळी बदललेली जागा, आणि लाल पेन्सिल. माझी.
ऐंशी जागेवर. सत्तर जागेवर.
तो साठ म्हणाला,
आणि लाल साठ अजून एक फेरा आत होता.

तो थांबला.
ओठ हलवत मनात पुन्हा मोजलं,
आणि माझ्याकडे न बघता वैजूला विचारलं,
किती वाजले.

त्याला कळलं होतं. तो सांगणार नव्हता.

"अकरा," मी म्हणालो.
मशीन घुमत होतं, मोठ्याने म्हणावं लागलं.
"साठ ते सत्तर अकरा आहेत. अक्षर माझं आहे."

वैजू म्हणाला, ओव्हरटाइमचं राहिलंच.
ते राहिलंच आहे, अजूनही.
बापाच्या नावाचं मी साडेसातला सायकल स्टँडवर बोललो.
नीट जमलं नाही, एकच वाक्य दोनदा म्हटलं.
केतुल म्हणाला, "चालशे."
कुलूप काढलं, सायकल वळवली, मग म्हणाला,
"पण ते परत नाही बोलायचं."
नाही बोलणार, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फेरे पुन्हा चढवायला बसलो.
तार माझ्याकडे, मोजणी त्याची.
दर दहाला तो निळी खूण करायचा आणि थांबायचा,
मी शेजारी लाल करेपर्यंत.
याला वेळ लागतो.
जशुभाईंचा अडकित्ता चालू होता.
टाकी थांबली.